पुढचा धक्का केव्हा?

भूकंपाचा धक्का बसला की दुसऱ्या दिवशी जो तो हाच प्रश्न विचारू लागतो. भूभौतिकशास्त्रज्ञ ‘सांगता येत नाही’ असे म्हणतो, आणि लोक त्याच्या विद्येलाच नावे ठेवतात. हा रोष मला अन्यायाचा वाटतो.

कोयनेचेच उदाहरण घ्या. सन १९६२ मध्ये शिवाजीसागरात पाणी साठू लागले आणि लवकरच त्या परिसरात बारीक हादरे जाणवू लागले. तेव्हा तेथे भूकंपमापक यंत्रे बसविण्यात आली. पुढे ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६·३ प्रतीचा भूकंप होऊन सुमारे दोनशे माणसे दगावली.

ह्या यंत्राची रीत मोठी गमतीची आहे. जमीन हलली तरी आत टांगलेले जड वजन जडत्वामुळे क्षणभर जागीच राहू पाहते. दोहोंतील हा फरक म्हणजेच कंपाची नोंद. भूकंपाची प्राथमिक लहर आधी पोहोचते, दुय्यम लहर तिच्या मागून येते. दोहोंत दहा सेकंदांचे अंतर पडले, तर भूकंपाचे केंद्र सुमारे ऐंशी किलोमीटर दूर आहे असे समजावे. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजणारे मूल असेच गणित करीत असते, नाही का? मात्र एका यंत्राने दिशा निश्चित होत नाही. तीन ठाण्यांभोवती त्या त्या अंतराची वर्तुळे काढली, की ती जेथे मिळतात तेथे केंद्र सापडते.

अशा हजारो नोंदी वर्षानुवर्षे जमविल्यावर कोयनेचे रहस्य उलगडू लागले. तेथील भूकंप सुमारे वीस किलोमीटर रुंद व तीस किलोमीटर लांब अशा पट्ट्यातच होतात आणि पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर ते वाढतात. खडकांत ताण पूर्वीपासूनच होता. भेगांत शिरलेल्या पाण्याच्या दाबाने त्यांची परस्परांवरील पकड सैल झाली.

मग भाकीत का करता येऊ नये? किल्लारीच्या परिसरात १९९२ साली लहान धक्के बसले होते, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. परंतु असे लहान धक्के कितीतरी ठिकाणी बसतात व पुढे काहीच घडत नाही. प्रत्येक वेळी गावे रिकामी करावीत काय? किल्लारीत बहुतेकांचा जीव घेतला तो दगडमातीच्या जड भिंतींनी. भिंती कशा बांधाव्यात, हे सांगण्यास कोणत्याही भाकिताची गरज नव्हती. तो प्रश्न मात्र आपण शास्त्रज्ञाला क्वचितच विचारतो!

तो मात्र आपले काम सोडीत नाही. कोयना परिसरात गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटर खोलीचे विवर खोदून पूर्ण झाले. वरचा काळा कातळ सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला; त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. कोयनेचे भूकंप ह्याच खडकात जन्म घेतात.