कोड आपला, कागद कुणाचा?

खारेपाटणचा ताम्रपट शिलाहारांच्या वंशावळीसाठी वाचला जातो. शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ च्या या दानपत्रात रट्टराजाने देवस्थानाला गावे दिली. सोबत तेली, माळी, कुंभार, परीट आणि दासींची कुटुंबेही देवाच्या सेवेला लावून दिली! राजाचे, त्याच्या पूर्वजांचे, गुरूचे नाव त्यात आहे. राबणाऱ्यांचा फक्त धंदा लिहिला आहे.

श्रम कुणाच्या मालकीचे हे कागद ठरवतो, हा धडा आमच्या गावच्या तांब्यावर कोरलेला आहे. आज आपली मुले ओपन सोर्स प्रकल्पांना कोड देतात, याचा आम्हाला अभिमानच आहे. पण ‘लायसन्स वकील बघतील, तुम्ही कोड लिहा, नाव होईल, नोकरी लागेल’ हा जो उपदेश त्यांना केला जातो, त्याला आमचा ठाम विरोध आहे.

हाशिकॉर्प कंपनीचे टेराफॉर्म बघा. अनेक वर्षे ते मोझिला पब्लिक लायसन्सखाली खुले होते. जगभरच्या लोकांनी त्यात कोड घातला. कोड देताना कंपनीच्या करारावर सही करावी लागे आणि त्या करारात कंपनीला व्यापक अधिकार होते. १० ऑगस्ट २०२३ रोजी कंपनीने पुढच्या आवृत्त्यांचे लायसन्स बदलले आणि स्पर्धकांच्या वापरावर बंधन आणले. कोड देणाऱ्यांना कुणी विचारले? विचारायची गरजच नव्हती, सही आधीच झाली होती. लोकांनी जुना खुला कोड घेऊन ओपनटोफू उभे केले. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने त्यांच्यावरच कोड उचलल्याचा आरोप केला. ओपनटोफूने आपला कोड जुन्या खुल्या आवृत्तीतून कसा आला ते ओळीओळीने मांडले आणि आरोप फेटाळला.

‘कंपनीने पैसा घातला, तिला हक्क आहे,’ असे काही जण म्हणतात. पैसा घातला हे खरे. मग ज्यांनी रात्री जागून फुकट काम केले, त्यांचा हक्क कुठे गेला?

सार्वजनिक गोष्ट मागाहून खासगी ठरवण्याची ही चाल आपल्याला नवी नाही. महाडच्या सत्याग्रहानंतर सनातन्यांनी दिवाणी दावा लावला आणि चवदार तळे चौधऱ्यांच्या खासगी मालकीचे असल्याचे सांगितले. बाबासाहेब प्रतिवादी म्हणून कागदपत्रांनिशी लढले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात दावेदार हरले. पाणी प्यायचा हक्क तळ्यावरही लढला गेला आणि कोर्टातही.

तरुणांनो, कायदा वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती आहे. हक्क देणे लेखी आणि सहीनिशीच लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्यांच्या करारात ‘कायमचा’, ‘जगभर’ हे शब्द मुद्दाम घातलेले असतात.

लिनक्स कर्नलमध्ये असा करार नाही. प्रत्येकाचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो. ‘हा कोड देण्याचा मला अधिकार आहे’ एवढ्या हमीवर आपले नाव घालून तो जीपीएलखाली दिला जातो. हजारो मालक असल्यामुळे एकटा कुणीही तो बंद करू शकत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. बाबासाहेबांच्या साहित्याचे ॲप असो की शिष्यवृत्तीची माहिती देणारे संकेतस्थळ, चळवळीचा कोड जीपीएलखालीच राहिला पाहिजे आणि त्याचा हक्क कुठल्याही एका संस्थेच्या, नेत्याच्या नावावर होता कामा नये. आपल्या संघटनांनाही हाच नियम लागू. करार वाचल्याशिवाय सही करू नका.

जयभीम!