जब्याचा दगड कोणासाठी?



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोळनेरच्या पार्श्वभूमीवर नागराज मंजुळे यांनी दिग्दर्शित केलेला ‘फँड्री’ २०१४ साली प्रदर्शित झाला. त्यातील शाळकरी जब्या कैकाडी कुटुंबातला. डुक्कर धरताना त्याचे वर्गबंधूच त्याला हसतात. पुढे बाबासाहेबांचे चित्र रंगविलेल्या भिंतीसमोरूनच ते वाहून न्यावे लागते. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, आपल्या जिल्ह्यात मात्र विमुक्त जातींत मोडतात. म्हणून १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे छत्र येथे जब्यावर नाही. जेथे कायदा पोहोचत नाही, तेथे शेजाऱ्याने पोहोचावे. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकावर येतो. हसणाऱ्यांत आपले मूल असेल, तर तो दगड आपल्यासाठीच आहे. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून जब्याला समतेचा पहिला हात मिळालाच पाहिजे.