सुभाषनगर ते मंत्रालय

1 फेब्रुवारी 1999 रोजी नारायण राणे यांनी मनोहर जोशींच्या जागी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. ती खुर्ची त्यांना जेमतेम साडेआठ महिने लाभली. मुदतीआधीच घेतलेल्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीची सत्ता गेली. चेंबूरकरांनी आज त्यांची आठवण काढावी ती या साडेआठ महिन्यांसाठी नव्हे, त्याआधीच्या वर्षांसाठी.

राणे मूळचे कोकणातले, पण घडले चेंबूरच्या सुभाषनगरात. प्राप्तिकर खात्यातली नोकरी आणि शिवसेनेची शाखा, असा तो काळ. शाखा म्हणजे भगवा फलक, दोन बाकं आणि अर्ज लिहून देणारा एखादा बऱ्या अक्षराचा पोरगा. नळाला पाणी नाही, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढत नाही, म्हाताऱ्याला सायनला दाखल करायचंय, सगळी गाऱ्हाणी आधी तिथं यायची. शाखाप्रमुखानं दोनदा टोलवलं, तर तिसऱ्यांदा माणूस फिरकत नसे. दादागिरीचे धडेही तिथंच मिळत, ते झाकून कशाला ठेवायचं?

1985 मध्ये राणे नगरसेवक झाले, पुढे बेस्टचे अध्यक्ष. बसगाड्या, वीज, कामगार, तोटा. मंत्रालयात जाण्याआधी सरकारी कागद वाचायला शिकवणारी याहून चांगली शाळा मुंबईत नव्हती. 1990 ला ते मालवणमधून विधानसभेत गेले. मुख्यमंत्रिपद गेल्यावर विरोधी पक्षनेते म्हणून ते सरकारला धारेवर धरत, त्यामागे ही शिदोरी होती.

पुढचा प्रवास मात्र वाकडातिकडा. 2005 ला सेना सुटली, काँग्रेसकडून मालवणची पोटनिवडणूक त्यांनी जिंकली. 2017 मध्ये स्वतःचा पक्ष, 2019 मध्ये तो भाजपमध्ये विलीन. 2014 ला कुडाळनं आणि 2015 ला वांद्रे पूर्वनं नाकारलं, 2024 ला रत्नागिरी-सिंधुदुर्गनं लोकसभेत पाठवलं. चिकाटी दांडगी, जीभ तितकीच सैल. केंद्रीय मंत्री असताना ऑगस्ट 2021 मध्ये त्यांना अटक झाली ती एका वक्तव्यापायीच.

एवढं सगळं धरूनही, चाकरमान्याच्या घरातून सत्तेपर्यंत जाणारी वाट वॉर्डातून निघते, हे राणे यांनी दाखवलं. ती वाट आज किती जणांसाठी मोकळी आहे? मार्च 2022 नंतर मुंबई महापालिका कित्येक वर्षं निवडणुकीविना प्रशासकाच्या हाती राहिली. शाखेतल्या पोरांची एक पिढी तेवढ्यात चाळिशीला टेकली. पक्षांना त्याचं सोयरसुतक नव्हतं, कारण उमेदवार घरातच तयार होतात. नगरसेवकपदापासून मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचायला राणे यांना चौदा वर्षं लागली. त्यांचे थोरले चिरंजीव नीलेश 2009 मध्ये थेट खासदार झाले, धाकटे नितेश 2014 मध्ये थेट आमदार.