दोष विद्यार्थ्याचा की अवजाराचा?

निबंधाचा कच्चा खर्डा फाडून टाकावा आणि नेमके त्यातलेच एक वाक्य हवे व्हावे, असा अनुभव कोणाला नाही? संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची हीच अडचण लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेले ‘गिट’ दूर करते. नोंदवलेला प्रत्येक बदल ते जपते. हवे तेव्हा मागे जाता येते.

पण गिट शिकणे कठीण. बदल साधारणपणे आधी एका मधल्या फलाटावर ठेवायचा, मग दुसरी आज्ञा देऊन नोंदवायचा. तरबेज माणसाला हा फलाट उपयोगी पडतो. नवशिक्या मात्र गोंधळतो आणि ‘मला हे जमणार नाही’ म्हणून सोडून देतो.

अमेरिकेतील एमआयटीचे सांतियागो पेरेझ दे रोसो आणि डॅनियल जॅक्सन यांनी दोष अवजाराच्या रचनेत शोधला. गिटच्याच पायावर त्यांनी ‘गिटलेस’ रचले. त्यात मधला फलाट नाही. एका शाखेतून दुसरीत गेले, तरी अपुरे काम आपल्या शाखेत सुरक्षित राहते.

विद्यार्थी अडखळला, तर शिक्षकांनी आधी अवजारही तपासावे. आणि मित्रांनो, लगेच स्वतःला दोष देऊ नका. अवघड गोष्ट सोपी कशी करावी, हाही विज्ञानाचाच प्रश्न आहे!