काल्पनिक संघ आणि खरा तज्ज्ञ



क्रिकेटचा हंगाम सुरू झाला की घरोघरी एखादा नवा 'तज्ज्ञ' उदयास येतो. कधी तो महाविद्यालयात जाणारा नातू असतो, तर कधी निवृत्त आजोबा स्वतःच. हा खेळ ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फँटसी क्रिकेटमध्ये प्रत्यक्ष सामना खेळणाऱ्या दोन संघांतून आपण अकरा खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडायचा असतो. ते मैदानावर धावा काढतात, बळी घेतात, झेल टिपतात, त्याप्रमाणे आपल्याला गुण मिळतात. प्रचलित पद्धतीत कर्णधार नेमलेल्या खेळाडूचे गुण दुप्पट, तर उपकर्णधाराचे दीडपट धरले जातात. या खेळाचे मूळ क्रिकेटमध्ये नाही. १९८० मध्ये लेखक डॅनियल ओक्रेंट व त्यांच्या मित्रांनी बेसबॉलसाठी असा खेळ रचला आणि तेथून तो फोफावला.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशासाठी, असे आपल्या मनात येईल. 'मला यातले कळते' हा विश्वास सुखाचा असतो. परंतु तो पारखून घेतला नाही, तर त्याची किंमत झोप, रक्तदाब आणि आयुष्यभराची शिल्लक यांतून मोजावी लागते.

या खेळात जाणकारी असते, हे प्रथम मान्य करू. नवखा माणूस खेळाडूचे नाव पाहतो. जाणकार त्याला मिळणारी संधी पाहतो. वीस षटकांच्या सामन्यात सलामीच्या फलंदाजाला जितके चेंडू खेळायला मिळण्याची शक्यता असते, तितकी सातव्या क्रमांकावरच्या नामवंताला नसते. अखेरच्या षटकांत फलंदाज जोखीम पत्करतात, म्हणून तेव्हा गोलंदाजी करणाऱ्यास बळी मिळण्याचा संभव वाढतो. चेन्नईची खेळपट्टी फिरकीला साथ देणारी म्हणून ओळखली जाते. रात्री दव पडले की ओला चेंडू फिरकी गोलंदाजाच्या बोटांत नीट बसत नाही. नाणेफेक झाल्यावर कोण खेळणार आणि कोण बाहेर बसणार हे पाहिल्यावाचून जाणकार आपला संघ पक्का करीत नाही. चार-पाच दशके क्रिकेट पाहिलेल्या ज्येष्ठांजवळ या समजेचा मोठा साठा असतो.

मात्र जाणकारी आणि एखाद्या दिवसाचे यश यांत अंतर आहे. कल्पना करा, १,०२४ माणसे नाणेफेकीचा अंदाज बांधत आहेत आणि दर फेरीत चुकणारे निम्मे बाद होत आहेत. दहा फेऱ्यांनंतर एक जण उरेल, ज्याचे दहाही अंदाज अचूक ठरले. तो स्वतःला निष्णात समजेल, शेजारीही त्याचा सल्ला घेऊ लागतील. वस्तुतः त्याला नाण्याविषयी काहीच अधिक कळत नसते. मोबाइलवर 'आजचा विजयी संघ' विकणाऱ्यांकडे पाहताना हे उदाहरण स्मरणात ठेवावे. त्यांचे जिंकलेले दिवस आपल्याला दिसतात, हरलेले दिसत नाहीत.

डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या निबंधात अंतःप्रेरणेवर विसंबण्यासाठी दोन अटी सांगितल्या: परिस्थितीत काही नियमितता असावी आणि आपल्या निर्णयाचा परिणाम कळून त्यातून शिकण्याची पुरेशी संधी मिळावी. एका झेलाने, एका पावसाच्या सरीने पारडे फिरणाऱ्या खेळात पहिली अट अर्धीच पुरी होते. म्हणून या क्षेत्रातील खरा तज्ज्ञ आपल्या अंदाजाची नोंद ठेवतो, हार लपवीत नाही आणि 'आज माझे नशीब बरे होते' असे जिंकल्यावरही म्हणू शकतो.

पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अशा खेळाला कौशल्याचा खेळ ठरवले होते. खेळ कौशल्याचा ठरला म्हणून खेळणारा प्रत्येक जण कुशल ठरत नाही. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने निषिद्ध केले. तरीही चोरवाटा दाखवणारे संदेश आले, तर त्यांस उत्तर देऊ नये. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आता वैद्यकीय बाजू. केव्हा मिळेल हे ठाऊक नसलेले बक्षीस मनाला विलक्षण खेचते. थोडक्यात हुकलेला डाव ही हारच असते, पण मन त्याला 'जवळ आलो' असे समजते आणि पुन्हा खेळायला प्रवृत्त होते. जुगाराचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात नोंदलेला आजार आहे. तो चारित्र्यावरचा डाग मानू नये.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शुश्रूषा करणाऱ्यांना माहीत असावी. कंपवातासाठी दिल्या जाणाऱ्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांत जुगार, अनावर खरेदी किंवा अति खाणे अशा अनिवार ओढी निर्माण होतात. आयुष्यभर काटकसरीने वागलेली व्यक्ती औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर पैसे लावू लागली, तर तिला दोष देण्याआधी डॉक्टरांना कळवावे. औषध मात्र आपण होऊन बंद करू नये. अचानक थांबवल्यास त्रास होतो. स्वभावातील असा बदल काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचेही आरंभीचे लक्षण असू शकतो.

फोन लपवणे, गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, उसनवारी, रात्रीची जागरणे, विचारताच चिडणे या खुणा दिसल्या तर शांतपणे बोलावे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यासाठी विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि ज्यांना या खेळाची निखळ गोडी आहे त्यांच्यासाठी एक वही पुरे. सामन्यापूर्वी आजी-आजोबांनी आणि नातवंडांनी आपापला संघ कारणांसह लिहावा. तिसरा संघ डोळे मिटून चिठ्ठ्या उचलून करावा. हंगामभर तिघांचे गुण मांडावेत. चिठ्ठ्यांच्या संघाला आपण किती वेळा हरवले, हे वही सांगेल. पैसा न लावता स्मरणशक्तीला व्यायाम मिळेल आणि दोन पिढ्यांना रोज बोलायला विषय मिळेल. नातवाने निवडलेल्या खेळाडूचे कारण विचारा. त्याचे ऐकून झाल्यावर आपले सांगा.