डाव्या हाताची शाळा

साठी उलटलेल्या मनुष्यानें नवी विद्या आरंभावी कीं नाहीं, असें गेल्या वर्षीं कोणी विचारलें असतें तर 'अवश्य आरंभावी' असें उत्तर देऊन आम्ही पुनः वर्तमानपत्रांत डोकें घातलें असतें. उपदेशाची जुनी संवय ती! परंतु घरांत नातीसाठीं घेतलेला विजेचा पियानो होता. तिचें चित्त दोन वर्षांत बुद्धिबळाकडे वळलें, आणि त्या वाद्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवण्याचा प्रघात पडला. तें पाहवेना, म्हणून एके दिवशीं घड्या उचलून आम्हीच बसलों.

शिक्षक ठेवला नाहीं. बेयर नांवाच्या जर्मन गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रचलेलें प्राथमिक पुस्तक नातीच्या कपाटांत होतें, तेंच गुरु मानिलें. भजनापुरती पेटी आम्हांस येत होती, त्यामुळें पांढऱ्या 52 आणि काळ्या 36 पट्ट्या पाहून भय वाटलें नाहीं. भय वाटलें तें डाव्या हाताचें. पेटीवर त्याचें काम भाता हलविण्याचें. जेवणांत तर त्यास मज्जावच. साठ वर्षें रिकामटेकड्या राहिलेल्या या गृहस्थास आतां उजव्याच्या बरोबरीनें, आणि त्याहून निराळें, बोलावयाचें होतें. पहिले तीन आठवडे त्यानें आमचें कांहींएक ऐकलें नाहीं.

लिपि मात्र आम्हांस लवकर साधली. पांच ओळींचे दोन पट असतात, वरचा बहुधा उजव्या हाताचा, खालचा डाव्याचा. परंतु सर्वांत खालची ओळ वरच्या पटांत 'ई' तर खालच्या पटांत 'जी'. पुष्कळ नवशिके येथें रडकुंडीस येतात. 'रामाभ्याम्' हें एकच रूप तृतीयेचें, चतुर्थीचें आणि पंचमीचें असूं शकतें, हें ज्यानें लहानपणीं पचविलें आहे त्यास यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. डोक्यास सर्व समजतें. बोटांस समजत नाहीं. प्रौढ विद्यार्थ्याची खरी पीडा हीच आहे. बालकाचें डोकें आणि बोटें बरोबरीनें चालतात. आमचें डोकें पुढें जाऊन बोटांवर डोळे वटारीत उभें असतें.

चार महिन्यांनीं आम्हीं जी मेजरमधील एक सुप्रसिद्ध मिन्युएट घेतला. बाखच्या पत्नीच्या 1725 सालच्या वहींत तो आहे. फार काळ तो बाखचाच समजत. 1970 नंतर तो ड्रेस्डेनच्या पेट्झोल्ड नांवाच्या ऑर्गनवादकाचा ठरला. तीन तीन मात्रांचे 32 खंड. त्याच्या पूर्वार्धांत एक खोडी आहे. उजव्या हातापुरते पाहिलें तर नवव्यापासून चौदाव्यापर्यंतचे खंड पहिल्या सहांसारखेच आहेत. पंधराव्यापाशीं वाट फुटते. आमचीं बोटें तेथें हटकून सातव्याच्या वाटेनें जात. चुकलें कीं आम्ही पुनः पहिल्यापासून आरंभ करीत असूं. महिन्याभरानें चौदा खंड डोळे मिटून वाजूं लागले, आणि पंधरावा होता तेथेंच राहिला.

एके रात्रीं असेच अकराव्यांदा पहिल्यापासून आरंभ करतांना आमचा हात थांबला. 'पुनः पहिल्यापासून म्हण' हें वाक्य आम्हीं कितीदां उच्चारलें होतें! आठवीच्या वर्गांत एक मुलगा 'नदी' शब्द चालवितांना पंचमीपाशीं नेहमीं अडखळे व 'राम' शब्दाच्या वाटेस लागे. आम्ही त्यास पुनः प्रथमेपासून आरंभ करावयास लावीत असूं, सर्व वर्गासमक्ष. पुढल्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. तीन वर्षांपूर्वीं तो बाजारांत भेटला, वांकून नमस्कार केला आणि हंसून म्हणाला, "सर, प्रथमा अजून पाठ आहे." आम्हांसही तेव्हां हंसूं आलें होतें. पियानोपुढें बसल्यावर त्याचा अर्थ उमगला. त्याचा आळस नव्हता. आम्हीं त्याच्याकडून प्रथमेचाच अभ्यास करवून घेतला होता, पंचमीचा कधींच नाहीं.

उपाय आमच्याच घरांत होता, हें सांगावयास संकोच वाटतो. वेदपठणांत क्रमपाठ असतो: पहिलें पद दुसऱ्यास जोडून, मग दुसरें तिसऱ्यास, मग तिसरें चौथ्यास. पदें पाठ होतात तीं जोडांसकट. आम्हीं पहिल्या तेरा खंडांस रजा दिली आणि चौदावा-पंधरावा, पंधरावा-सोळावा एवढेंच घेतलें. तेंही मिनिटास 50 ठोक्यांच्या विलंबित लयींत. प्रथम डावा हात एकटा, मग उजवा, शेवटीं दोन्ही. वेळ पंधरा मिनिटें, पण रोज. रविवारीं दोन तास बसून हातांस कांहीं लाभत नाहीं. रात्रीं न जमलेलें सकाळीं आपोआप जमतें, हा पाठशाळेंतला जुना अनुभव येथेंही आला. झोपेंत अशी शिकवण पक्की होते असें आजचे मेंदूचे अभ्यासक सांगतात. नवव्या दिवशीं वाट सरळ झाली.

त्या मुलास, म्हणजे आतांच्या चार मुलांच्या आजोबा होऊं घातलेल्या नव्हे, पण दोन मुलांच्या बापास, हें एकदां सांगावयाचें आहे. त्याच्या दुकानावरून दोनदां गेलों. गिऱ्हाइकांची गर्दी होती म्हणून परतलों, असें आम्ही घरीं सांगितलें.

सध्यां उत्तरार्ध चालू आहे. काल नेहमींप्रमाणें पूर्वार्ध वाजवून पाहत होतों. पंधराव्याच्या शेवटल्या स्वरावर बोट पांढऱ्या पट्टीवर पडलें, तोंच आंतल्या खोलींतून, बुद्धिबळाच्या पटावरची मान वर न करतां, नातीचा आवाज आला, "आजोबा, एफ शार्प! काळी!"