गॅसचा भाव कोण ठरवतो?

सप्टेंबर २०२५मध्ये रशियाच्या गाझप्रॉमने ‘पॉवर ऑफ सायबेरिया-२’ या गॅसवाहिनीबाबत चीनशी बंधनकारक समझोता झाल्याचे जाहीर केले. मंगोलियामार्गे वर्षाला ५० अब्ज घनमीटर गॅस चीनला द्यायचा, हे ठरले. भाव मात्र ठरला नाही. या समझोत्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

तेलाचे जहाज भर समुद्रातही गिऱ्हाईक बदलू शकते. पाइपलाइन एकदा जमिनीत गाडली की विकणारा आणि घेणारा पिढीभर एकमेकांशी बांधले जातात. मग ज्याला दुसरी वाट मोकळी असते, त्याचाच शब्द चालतो.

पश्चिम सायबेरियातला गॅस अनेक दशके युरोपात गेला. २०११मध्ये बाल्टिक समुद्राखालून जर्मनीला जाणारी ‘नॉर्ड स्ट्रीम’ गॅसवाहिनी सुरू झाली. तिच्या स्वस्त गॅसवर विसंबताना जर्मनीने परावलंबनाची जोखीम हिशेबात धरलीच नाही. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, पुरवठा आटला आणि ऑगस्ट २०२२मध्ये युरोपातला घाऊक भाव मेगावॉट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला. पुढच्याच महिन्यात स्फोटांनी ‘नॉर्ड स्ट्रीम’च्या वाहिन्या फुटल्या. डिसेंबरात विल्हेल्म्सहाफेनला जर्मनीचे पहिले एलएनजी (जहाजाने येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनल सुरू झाले. गॅस मिळाला, पण महाग.

रशियाची अडचण याहून मोठी आहे. युरोपसाठी विकसित केलेल्या क्षेत्रांतून चीनकडे जाणारी वाहिनीच नाही. चीनकडे मात्र तुर्कमेनिस्तान आणि म्यानमारचा गॅस आहे, एलएनजी आहे, स्वतःचे उत्पादन आहे. त्याला घाई नाही. या मैत्रीत भाव बीजिंगच ठरवणार.

भारताने यातून काय घ्यावे? आपल्याकडे परदेशातून येणारी एकही गॅसवाहिनी नाही. २०१५मध्ये पायाभरणी झालेली तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत ही ‘तापी’ वाहिनी अजून आपल्यापर्यंत पोचलेली नाही. गरजेचा जवळपास निम्मा गॅस दहेज, दाभोळसारख्या टर्मिनलवर जहाजांतून येतो. २०२२मध्ये युरोप चढ्या भावाने एलएनजी उचलू लागला आणि ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीचा करारातला पुरवठाही तुटला. कतारशी २०४८पर्यंतचा करार आहे, ही जमेची बाजू. पण तो सगळा माल होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो.

म्हणून केवळ स्वस्त करार हे धोरण असू शकत नाही. वेगवेगळ्या दिशांचे विक्रेते हवेत, आणि कच्च्या तेलासारखे गॅसचेही राखीव साठे हवेत. त्यांवर खर्च होईल. तो आजच करावा, कारण टंचाईच्या वर्षी हीच सोय कोणत्याही भावाने विकत मिळत नाही.